सुरक्षित खोलीत ठेवलेले सतराशे मोदक

बसा, चहा टाकलाय. तोवर माझा एक मूर्खपणा मीच सांगून टाकतो. अमेरिकेत येऊन या मॉरिसव्हिलमध्ये राहता म्हणजे तो तुम्हाला कुठून ना कुठून कळणारच, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळला तर त्यात मी मोदक खाऊन टाकले असंही असेल.

तेवढं मात्र खोटं आहे. मी एकही मोदक खाल्ला नाही. मी फक्त पुसले. सतराशे.

मोदक पुसायचे कसे? तेच तर सांगतोय!

दुकानाचं थोडं आधी सांगतो. एका बाजूला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला केस कापणारा, मध्ये मी. पुढे किराणा, मागे स्वयंपाकघर. मागचं राज्य बायकोचं, वसुधाचं. माझी शाळा दहावीला सांगलीत संपली. इंग्रजी मी मालाच्या खोक्यांवरून शिकलो आणि कॉम्प्युटर व्हिडिओ बघून. स्वतः शिकलेल्या माणसाचं एक असतं बघा, त्याला आपल्याला काय येतं ते नीट ठाऊक असतं. काय येत नाही ते सांगायला मास्तर नसतो.

दर गणपतीला आमच्याकडे मोदकांच्या ऑर्डरी येतात. आणि इथला गणपती म्हणजे काही एका दिवशी बसत नाही. अर्ध्यांचा चतुर्थीला, अर्ध्यांचा पुढच्या शनिवारी, कारण ऑफिस. कुणाला उकडीचे, कुणाला तळणीचे. कुणाला सकाळी सातला हवेत कारण नऊला मीटिंग, कुणाला संध्याकाळी सहाला कारण भटजी झूमवर आहेत आणि ते पुण्यात झोपेतून उठायचेत. गेल्या वर्षीपर्यंत हे सगळं फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि चिठ्ठ्यांवर चालायचं. एका घरी तळणीचे गेले, तिथल्या आजी अजून माझ्याकडून फक्त मीठ घेतात.

म्हणून यंदा ठरवलं, ऑर्डरीसाठी वेबसाइटवर एक पान करायचं. आणि ते एआय एजंटकडून करून घ्यायचं. एजंट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसलेला प्रोग्रामरच. तुम्ही साध्या मराठीत सांगा, तो कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर स्वतः दुरुस्त करतो. वर चहा मागत नाही. फक्त सारखं विचारतो, ही कमांड चालवू? ती फाइल बदलू? मी काउंटरवर एका हाताने कोथिंबीर मोजत होतो आणि दुसऱ्या हाताने "हो, हो, हो" दाबत होतो.

तेवढ्यात केतकी आली. केतकी नागपूरची, इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सिक्युरिटीचं काम करते. आमची नेहमीची गिऱ्हाईक, आणि मला न विचारता शिकवणारी एकमेव व्यक्ती.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"पान करतोय. मोदकांचं."

"ते दिसतंय. पण हा एजंट तुमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर मोकळा सोडलाय! यातच तुमची बिलं, यातच बँक, यातच सगळे फोटो. आणि तुम्ही न वाचता हो म्हणताय!"

"अगं, गुणी आहे तो."

"गुणी असू दे. उद्या त्याने चुकून भलतंच फोल्डर साफ केलं तर?"

मग तिने काउंटरवर बसून मला समजावलं. कॉम्प्युटरच्या आत दुसरा एक कॉम्प्युटर उभा करायचा. खरा नाही, नुसता प्रोग्रामने बनवलेला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एजंटला त्या आतल्या खोलीत बसवायचं आणि दार लावून घ्यायचं. आत त्याने काहीही मोडतोड केली तरी बाहेर तुमच्या मालाला धक्का लागत नाही.

"आणि आत बिघडलं तर?" मी विचारलं.

"त्यासाठी स्नॅपशॉट. खोली आत्ता जशी आहे तशी जपून ठेवायची. बिघडली की एक बटण दाबायचं, खोली परत जशीच्या तशी. आतून बाहेर काही जाऊ द्यायचं नाही, एवढं पाळा."

काय सांगू, मला ती कल्पना फारच आवडली! चाळीस वर्षं व्यापार केला, पण असं गोदाम पाहिलं नव्हतं. उंदीर शिरला तर बटण दाबा, गोदाम कालचं!

रविवारी व्हिडिओ बघून मी खोली उभी केली. एजंटला आत बसवलं. पान तीन दिवसांत तयार झालं. नाव, फोन, किती, कोणते, कुठला दिवस, किती वाजता. पैसे मोदक घेताना. वर मोदकाचा फोटो. मी स्नॅपशॉट घेतला आणि केतकीला मेसेज केला, पान तयार. तिने लिहिलं, "मस्त काका! आता ते पान खोलीतून काढून दुसरीकडे, भाड्याच्या सर्व्हरवर होस्ट करा, मग लोकांना द्या."

इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला.

मी विचार केला, दुसरीकडे कशाला? ही खोली एवढी बंदोबस्ताची. भिंती आहेत, दार आहे, बिघडलं तर परत करायची सोय आहे. माणूस किमती माल कुठे ठेवतो? दुकानातल्या सगळ्यात बंदोबस्ताच्या जागीच ना? मग ऑर्डरीसुद्धा तिथेच! बाहेरच्या ऑर्डरी आत यायला मी बाहेरूनच भिंतीला एक छोटी खिडकी पाडली आणि पानाची लिंक गावभर पाठवून दिली.

बघा हं कसं ते. ज्याच्या भीतीने खोली बांधली त्याच्याच शेजारी मी माझा ऐवज नेऊन ठेवला आणि बाहेरून कडी लावली. आज सांगताना मलाही दिसतंय. तेव्हा मला मी हुशार वाटत होतो.

दोन आठवडे छान गेले. वसुधा रोज सकाळी विचारायची, "अहो, आज किती?" मी चष्मा लावून आकडा सांगायचो. त्या आकड्यावर तिने तांदळाचं पीठ, नारळ, गूळ मागवला, मोदक वळायला पाच बायका ठरवल्या. चतुर्थी मंगळवारी. आधीच्या गुरुवारी आकडा होता सतराशे बारा.

शुक्रवारी सकाळी दहाला मला सुचलं, वरचा मोदक जरा लहान दिसतो. एजंटला म्हटलं, मोठा कर. त्याने केला. एवढा केला की ऑर्डरीचं बटण मोदकाच्या खाली गाडलं गेलं.

एजंट म्हणाला, दोन मिनिटांत दुरुस्त करतो.

मी म्हटलं, दोन मिनिटं कशाला? वसुधाला हाक मारली. "अगं, ये इकडे. तुला गंमत दाखवतो."

ती पीठ लागलेल्या हाताने आली. मी तिच्यासमोर, अगदी जादूगारासारखा, स्नॅपशॉटचं बटण दाबलं. खोली गेली. खोली आली. मोदक लहान, बटण जागेवर!

"बघितलंस?"

"बघितलं. आज किती?"

मी ऑर्डरींची यादी उघडली. यादीत तीन नावं. पहिलं 'टेस्ट'. दुसरं 'टेस्ट परत'. तिसरं माझं स्वतःचं, एक हजार एक मोदक, पहाटे चारला. पान करताना गमतीने भरलेलं.

"किती?" वसुधाने परत विचारलं.

"थांब जरा, पान लोड होतंय."

मी एजंटला विचारलं, बाकीच्या ऑर्डरी कुठे? तो म्हणाला, तीन दिसतायत. मी म्हटलं, सतराशे बारा मोदक होते! तो म्हणाला, मला तसं काही आढळत नाही. त्याला कसं आढळणार? त्याला मीच दोन आठवडे मागे नेऊन बसवला होता. त्याच्या हिशेबाने दुकानात अजून कुणी पाऊलच टाकलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ऑर्डर दिल्यावर गिऱ्हाइकाला ईमेल जातो, तो बघायचा. गेला असता हो! पण केतकी म्हणाली होती ना, आतून बाहेर काही जाऊ द्यायचं नाही. तिचं एवढं एकच मी तंतोतंत पाळलं होतं.

"एआयने खाल्ल्या ऑर्डरी," मी वसुधाला सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पुसल्या. मशीनच ते. काय भरवसा!"

वसुधा खाली बसली. "अहो, माणसांच्या घरी गणपती बसायचाय. नैवेद्याला मोदक आपल्याकडून येणार म्हणून लोक निर्धास्त आहेत. मंगळवारी सकाळी सातला दारात कोण उभं राहणार, काय मागणार, काही माहीत नाही?"

सतराशे हे माहीत होतं. कुणाचे, कसले, कधीचे, ते नाही. आणि उकडीचा मोदक काही आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही.

आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण व्यापाऱ्याला वाटतं, गिऱ्हाइकाला कळता कामा नये. मी ठरवलं, फोन करायचे. नाव द्यायचं 'कन्फर्मेशन कॉल'. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनशे माणसं. त्यातल्या कुणी ऑर्डर दिली होती ते माहीत नाही, पण बोलता बोलता काढून घेऊ! बोलण्यात मला कोण हरवणार?

पहिला फोन बापट वहिनींना. मराठी शाळेत शिकवतात.

"वहिनी, मोदकांची ऑर्डर कन्फर्म करायची होती."

"हो, करा."

"किती म्हणालात?"

"मी लिहिलंय की फॉर्ममध्ये. वाचा ना."

"वाचतोच आहे. पण तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं."

"मग तुम्ही वाचा, मी हो म्हणते."

झालं! मी अंदाजाने म्हटलं, "एकवीस." गणपतीला माणूस एकवीसच सांगणार.

"एकवीस? अहो एकावन्न! घरी तीस माणसं आहेत. आणि तळणीचे तर लिहिलेले नाहीत ना तिथे?"

"छे छे. उकडीचे."

"मला तळणीचेच हवेत, भाऊ. नीट वाचा."

दुसरा फोन सरनाईकांना. हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही.

"ऑर्डर? मी? बायकोने दिली असेल. असू द्या, एकवीस लिहा."

मी लिहिले. दहा मिनिटांत सरनाईक वहिनींचा फोन. "यांनी एकवीस मोदक सांगितले?"

"हो वहिनी."

"मी वीस वर्षं मोदक घरी करतेय. तुम्हाला कुणी सांगितलं मला जमत नाहीत म्हणून?"

"कुणीच नाही, वहिनी!"

"मग फोन का केलात? कुणीतरी काहीतरी बोलल्याशिवाय तुम्ही फोन कराल? नाव सांगा."

दुपारी एका घरी नुकतीच शाळेतून आलेली मुलगी फोनवर. "आई इज इन अ मीटिंग."

"बाळा, आईने मोदक किती सांगितलेत, माहीत आहे?"

"लाइक... अ लॉट?"

मी वहीत लिहिलं, पुष्कळ.

असे चाळीस फोन केले. निम्म्यांनी ऑर्डर दिलेलीच नव्हती, त्यातल्या सात जणांना फोनमुळे आठवण झाली आणि त्यांनी दिली. आणि चारच्या सुमाराला ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "काका सगळ्यांना फोन करून कन्फर्म करतायत. म्हणजे मोदक कमी पडणार. लवकर ऑर्डर करा!"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ज्यांनी आधी दिली होती त्यांनी खात्रीसाठी परत दिली. ज्यांना एकवीस हवे होते त्यांनी कमी मिळतील म्हणून बेचाळीस मागितले. ज्यांनी कधी दिली नव्हती त्यांनी घाबरून दिली. यादी माझ्या डोळ्यांसमोर वाढत होती. तीनवरून शंभरावर! आणि त्यात जुनं कुठलं, नवीन कुठलं, भीतीचं कुठलं, काही कळेना.

आणि हे सगळं कुठे जमा होत होतं? त्याच खोलीत!

वसुधाने माझ्या हातातून फोन घेतला आणि केतकीला लावला. ती घरूनच काम करत होती, दहा मिनिटांत आली. तिनेही एकवीस सांगितले होते. नव्या घरात तिचा पहिला गणपती.

"काय झालं काका?"

"एजंटने ऑर्डरी पुसल्या," मी म्हटलं. दिवसभर हेच म्हणत होतो, त्यामुळे आता मलाही खरं वाटायला लागलं होतं.

केतकीने कॉम्प्युटर पुढे ओढला. दोन मिनिटं त्यातल्या नोंदी चाळल्या.

"काका, एजंटने नाही पुसल्या."

"मग कुणी?"

"खोली सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मागे नेलीय. ते बटण खोलीच्या बाहेर असतं. आत बसलेला एजंट त्याला हातच लावू शकत नाही. त्यासाठी तर ती भिंत आहे." तिने माझ्याकडे बघितलं. "हे बटण बाहेरच्या माणसानेच दाबलंय."

बाहेर त्या वेळी माणसं दोन. एकीच्या हाताला पीठ.



"मागे नेण्याआधी त्या क्षणाचा एक स्नॅपशॉट घेतला होता का?" केतकीने विचारलं. "एका क्लिकचं काम होतं."

"नाही."

"आणि खऱ्या ऑर्डरी आतच ठेवल्या? काका, ती खोली फेकून देण्यासाठी असते! आत ठेवायचं ते गेलं तरी चालेल असंच."

"मला वाटलं सगळ्यात सुरक्षित जागा आहे."

"आहे ना. बाकी सगळ्यांसाठी!"

तिने आधी आलेल्या नव्या ऑर्डरी बाहेर काढून ठेवल्या. मग पान बंद केलं. मग म्हणाली, "आता ग्रुपवर खरं लिहा. मोदकांना वेळ कमी आहे, आणि तुमच्या फोनांनी तो अजून कमी होतोय."

मी लिहिलं, "काही तांत्रिक कारणास्तव ऑर्डरींची माहिती उपलब्ध नाही."

वसुधाने वाचलं. "हा तांत्रिक कोण? आपल्याकडे कामाला आहे का?"

मी खोडलं. लिहिलं, "एक चूक झाली आहे."

"आपोआप?"

शेवटी जे गेलं ते असं: "मी चुकीचं बटण दाबलं. माझ्या हातून सगळ्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. दिवसभर फोन केले ते त्याचसाठी. मोदक कमी नाहीत. कृपया उद्या दुपारपर्यंत फक्त खऱ्या ऑर्डरी परत पाठवा. किती, उकडीचे की तळणीचे, कुठला दिवस, किती वाजता. तसदीबद्दल माफ करा."

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला असं काही लिहिलं नव्हतं. वाटलं, संपलं आता.

मग फोन थरथरायला लागला तो थांबेचना. बापट वहिनींनी अंगठा पाठवला आणि एकावन्न तळणीचे, शनिवार, अकरा वाजता, शुद्धलेखनासकट. बेचाळीसवाले परत एकवीसवर आले. मुलीच्या आईने लिहिलं, "अ लॉट म्हणजे अकरा, काका." एकाने त्याच्या कंपनीत अख्खा डेटाबेस कसा उडवला होता ते लिहिलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. सिक्युरिटी सांभाळणारे, बँकांचे प्रोग्राम लिहिणारे, सगळ्यांनी कधी ना कधी काहीतरी पुसलेलं! शनिवारी दुपारी वसुधाने कागदावर बेरीज केली. अठराशे एकोणसाठ. जुन्या आकड्यापेक्षा एकशे सत्तेचाळीस जास्त, आणि ते माझ्या फोनांमुळे आठवण झालेले.

मंगळवारी सकाळी पाचला स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर थाप पडली. सरनाईक वहिनी, पदर खोचून. "कळ्या कशा पाडतात ते दाखवायला आलेय," एवढंच म्हणाल्या आणि वसुधाच्या शेजारी बसल्या. दीडशे मोदक वळून गेल्या. एकाचीही कळी वाकडी नव्हती, आणि हे त्यांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं.

केतकी सातला आली आणि तिचे एकवीस घेऊन गेली. कुणाचाही नैवेद्य राहिला नाही. मीठवाल्या आजींकडेही यंदा उकडीचेच गेले.

विसर्जनानंतर केतकीने सगळी व्यवस्था नव्याने लावून दिली. खऱ्या ऑर्डरी वेगळ्या ठिकाणी, त्यांची रोज एक प्रत. एजंट त्याच्या खोलीत, त्याला सरावाला खोट्या नावांची यादी. आणि त्याच्यासाठी तिने एक फाइल लिहून ठेवली, तो काम सुरू करताना दर वेळी वाचतो. मी काही ती वाचली नव्हती. केतकीने लिहिलेलं, ठीकच असणार.

परवा दिवाळीच्या फराळाचं पान करायला बसलो. एजंटला म्हटलं, ही खोटी यादी जुनी झाली, पुसून टाक.

तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सूचनांप्रमाणे, पुसण्याचं काम तुम्ही सांगितल्यास मला आधी वसुधाकाकूंची परवानगी विचारायची आहे. त्यांनी होकार दिला आहे का?"

माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्याच खोलीत कोंडलेला एजंट मला हे विचारतोय!

तेव्हा मी ती फाइल उघडून वाचली. केतकीने यादी केली होती, 'या मशीनला कशापासून धोका आहे' अशी. व्हायरस दुसऱ्या नंबरवर होता.